पाच शिलिंग आणि गळालेलं क्रियापद

मराठी घरात ‘तो अजून प्रोबेशनवर आहे’ असं म्हटलं की बँकेत नव्यानं लागलेला भाचा डोळ्यांसमोर येतो. वर्तमानपत्रं हा शब्द पॅरोलच्या जागी आणि पॅरोल याच्या जागी खुशाल वापरतात. पॅरोल म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला काही काळ बाहेर सोडणं. प्रोबेशनमध्ये गुन्हा शाबित होतो, पण शिक्षा फर्मावण्याऐवजी न्यायालय त्या माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतं आणि त्याला घरी पाठवतं; गरज वाटल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवतं. ‘परिवीक्षा’ हा शासनानं घडवलेला शब्द. वीक्षा म्हणजे पाहणं, परि म्हणजे चहूबाजूंनी. मूळ लॅटिन धातूत पारखण्याचा अर्थ आहे. पारखणाऱ्याला वस्तू निदान हातात तरी घ्यावी लागते. आपल्या शब्दात नुसते डोळे उरले.

मी कायद्याचा अभ्यासक नाही. कथा-कादंबऱ्या वाचणं आणि त्यांच्याविषयी लिहिणं हा माझा उद्योग. पण गेली काही वर्षं एका छोट्या विश्वस्त निधीच्या निवड समितीवर मी बसतो. हा निधी पंचवीस हजारांपासून लाखभरापर्यंतची अनुदानं देतो, आणि अर्ज करणाऱ्यांत तुरुंगातून सुटलेल्या किंवा प्रोबेशनवर असलेल्या माणसांना सोबत करणारे गटही असतात. त्यांचे अर्ज, अहवाल आणि त्यांना जोडलेल्या ‘यशोगाथा’ मी वाचत आलो. या मजकुराकडे कुणी साहित्य म्हणून बघत नाही. मला मात्र तो एक पक्का, रूढ झालेला कथनप्रकार वाटतो, आणि कुठल्याही रूढ कथनप्रकाराला लावतो त्याच कसोट्या त्याला लावून पाहायला हव्यात असं मी मानतो. इथे कथनाचा बरावाईट परिणाम पात्रावर होतो आणि पात्र जिवंत असतं, एवढाच फरक.

या प्रकाराचा आद्यग्रंथ शोधायचा तर बॉस्टनला जावं लागतं. जॉन ऑगस्टस हा चर्मकार. १८४१च्या ऑगस्टमध्ये तो तिथल्या पोलीस कोर्टात असताना एका दारुड्याला आणलं गेलं. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तोच माणूस कोर्टात उभा राहिला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. न्यायाधीशानं त्याला एक सेंट दंड केला. कोर्टखर्च धरून तीन डॉलर शहात्तर सेंट झाले. पुढे १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टसनं १,९४६ माणसांचा जामीन घेतला. त्यांत बायका-मुली शेकड्यांनी होत्या, आणि कित्येकांना त्यानं स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. दुकान बुडालं. मग मित्र आणि हितचिंतक देतील त्या रकमांवर काम चालू राहिलं. १८५२ साली त्यानं आपल्या कामाचा अहवाल छापला.

हा अहवाल म्हणजे हिशेबाची वही आणि गोष्टींचं पुस्तक यांच्या मधलं काहीतरी आहे. कोण आलं, कशासाठी पकडलं होतं, जामीन किती, दंड किती, पुढे काय झालं. ऑगस्टस प्रवचन करतो, नाही असं नाही. दारूबंदीच्या चळवळीतला माणूस तो. त्याची भाषा अधूनमधून चढते. पण त्याच्या अहवालातली माणसं त्याच्या उपदेशाचे दाखले होऊन संपत नाहीत. ती आपापल्या रकमेसह, आपापल्या कोर्टाच्या तारखेसह तिथे राहतात. त्याला विरोध करणारे तुरुंगाचे आणि कोर्टाचे नोकर त्यात येतात. माणूस तुरुंगात गेला की त्यांना फी मिळे आणि ऑगस्टसच्या जामिनामुळे ती बुडे, हेही त्यात येतं. देणगीदारांसाठी लिहिलेल्या मजकुरात भोवतालच्या यंत्रणेचा असा उघड उल्लेख मला आजच्या अर्जांत क्वचित दिसतो. कारण सरळ आहे: आजचा अर्जदार त्याच यंत्रणेच्या परवानगीनं तुरुंगाच्या फाटकातून आत जातो.

इंग्लंडमधली सुरुवात याहून लहान आहे. १८७६ साली हर्टफर्डशायरमधल्या फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकानं चर्च ऑफ इंग्लंडच्या मद्यनिषेध संस्थेला पत्र लिहिलं. एकदा घसरलेला माणूस पोलीस कोर्टातून पुन्हा पुन्हा तुरुंगात जातो, त्याला सावरायला कुणीच नसतं, याची त्याला चिंता वाटत होती. कोर्टात प्रत्यक्ष काम करणारं कुणीतरी नेमावं म्हणून त्यानं पत्रासोबत पाच शिलिंग पाठवले. संस्थेनं लंडनमधल्या सदर्क कोर्टात मिशनरी नेमले, आणि या मिशनऱ्यांतूनच पुढे १९०७च्या कायद्यानं प्रोबेशन अधिकारी घडवला. एका देशव्यापी सरकारी सेवेच्या मुळाशी पाच शिलिंगांची देणगी आहे. लहान अनुदानांविषयी बोलताना हा आकडा मला नेहमी आठवतो. तो भारावून टाकतो म्हणून नव्हे, तर रेनरनं त्या पाच शिलिंगांबदल्यात काय मागितलं ते नीट पाहण्याजोगं आहे म्हणून. त्यानं किती माणसं सुधारली याची यादी मागितली नाही. कोर्टात माणूस असावा, एवढंच मागितलं.

१९०७च्या त्या कायद्यात अधिकाऱ्याची कर्तव्यं सांगताना तीन क्रियापदं ओळीनं येतात: सल्ला द्यावा, साहाय्य करावं, आणि मैत्री करावी. पाठोपाठ, गरज पडेल तेव्हा योग्य काम शोधून द्यायचा प्रयत्न करावा. कायद्याच्या मसुद्यात ‘मैत्री करावी’ हे क्रियापद बसवणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल याचं मला कुतूहल आहे. कायद्यानं आज्ञा करून मैत्री होत नाही, हे त्यालाही कळत असणार. तरी ते क्रियापद तिथे आहे, आणि त्यामुळे पहिल्या दोन क्रियापदांचा अर्थ बदलतो. मित्रानं दिलेला सल्ला आणि साहेबानं दिलेला सल्ला एक नसतो.

आता आपला १९५८चा अपराधी परिवीक्षा अधिनियम घ्या. (मुंबई प्रांतानं त्याच्या वीस वर्षं आधी, १९३८ साली, स्वतःचा प्रोबेशन कायदा केलाच होता.) कलम १४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्यं आहेत. न्यायालयाला मदत व्हावी म्हणून आरोपीच्या घरची परिस्थिती पाहणं, देखरेख करणं, आवश्यक तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं, नुकसानभरपाई भरण्याच्या कामी सल्ला आणि साहाय्य देणं. काम शोधून देण्याचं वाक्य जुन्या इंग्रजी कायद्यातून जवळपास जसंच्या तसं आलं आहे. सल्ला आणि साहाय्य आले आहेत. तिसरं क्रियापद वाटेत गळालं.

इंग्लंडनंही ते पुढे टाकून दिलं. २००० सालच्या कायद्यात सेवेची उद्दिष्टं नव्यानं लिहिली गेली तेव्हा जनतेचं संरक्षण, पुनर्गुन्ह्यांत घट, योग्य शिक्षा अशी नामं पुढे आली. क्रियापदं गेली आणि नामं आली की भाषेत काय घडतं हे वाचकांना वेगळं सांगायला नको. करणारा माणूस नाहीसा होतो.

आपल्याकडे ते गळण्याला आणखी एक पार्श्वभूमी आहे, आणि ती मराठी साहित्यात नोंदलेली आहे. ‘देखरेखीखाली असणं’ याचा अर्थ ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगला ते लोक आपल्यात आहेत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच संशयित ठरवलेल्या जमातींना हजेरी देत जगावं लागलं; गाव सोडायचं तर परवानगी घेऊन. कायदा रद्द झाला १९५२ साली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं तेव्हा मराठी वाचकाला ‘हजेरी’ या शब्दाची दुसरी बाजू कळली. तोवर तो शाळेच्या पटावरचा शब्द होता. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव अजून आहे. आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानांविषयी हळवं होऊन बोलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अशा वसाहतींपैकी कित्येक सरकारी साहाय्यावर सॅल्व्हेशन आर्मीसारख्या धर्मादाय संघटना चालवत होत्या. संस्था लहान असो की मोठी, सरकारी असो की खासगी, तिनं डोळे व्हायचं ठरवलं तर ती डोळेच होते.

डोळ्यांची गोष्ट निघाली की ‘दो आंखें बारह हाथ’ टाळता येत नाही. व्ही. शांतारामांचा हा १९५७चा चित्रपट, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि मागे औंध संस्थानातला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग. १९३९ साली मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानं तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कैदी तिथे शेती करत, कुटुंबासह राहत. वसाहत आजही आहे. त्यातले लोक शिक्षा भोगणारे. ते प्रोबेशनवरचे नव्हते, हे ध्यानात ठेवूनही चित्रपट इथे कामाचा आहे, कारण मराठी मनातलं गुन्हेगाराच्या सुधारणेचं कथानक त्यानं घडवलं.

हे कथानक मला अडचणीचं वाटतं. सहा खुनी, एक जेलर, आणि त्या जेलरच्या नजरेची अशी जबर की कैद्यांना पळताना त्याचे डोळे दिसतात. शेवटी आदिनाथ बैलाशी झुंजून मरतो आणि डोळे मागे राहतात. शांताराम यात करुणा पाहतात. मी आज पाहतो तेव्हा तिथे परिवीक्षा दिसते, मेल्यानंतरही चालू राहणारी. चित्रपटातला मला अस्सल वाटणारा भाग वेगळाच आहे, आणि त्याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही: हे सहा जण भाजी पिकवून स्वस्तात विकायला बाजारात बसतात, तेव्हा व्यापाऱ्यांचं बिनसतं आणि त्यांना मार खावा लागतो. मन सुधारलं म्हणून बाजारात गाळा मिळत नाही. मूळच्या स्वतंत्रपुरात संस्थानानं जमीन दिली होती आणि बायकामुलं सोबत होती. तिथे एकट्या संताच्या डोळ्यांवर सगळा भार नव्हता. माडगूळकर त्याच माणदेशचे. त्यांना हे ठाऊक असणार. पण पडद्याला नायक लागतो.

देणगीदारालाही लागतो. निवड समितीकडे येणाऱ्या यशोगाथा या चित्रपटाच्याच वंशातल्या आहेत. पहिल्या ओळीत कंसात ‘नाव बदललं आहे’. मग वडील नाहीत किंवा दारू पितात, वाईट संगत, चोरी किंवा मारामारी, अटक. इथपर्यंत वाक्याचा कर्ता तो मुलगा असतो: त्यानं शाळा सोडली, त्यानं मोबाइल उचलला. मधे ‘अशातच’ हा शब्द येतो. मग कर्ता बदलतो. संस्थेनं समुपदेशन केलं, संस्थेनं शिलाई मशिन मिळवून दिलं, संस्थेनं आईशी बोलणी केली. मुलगा कर्म होतो. शेवटच्या परिच्छेदात तो पुन्हा कर्ता होतो, पण एकाच क्रियापदापुरता: तो आज समाधानी आहे. खाली फोटो, पाठमोरा. वाईट करताना माणूस स्वतंत्र आणि चांगलं करताना परतंत्र, असं हे व्याकरण. लिहिणारी कार्यकर्ती मुळात अशी बोलत नाही. तिच्याशी फोनवर बोललो की तिच्या वाक्यांत तो मुलगा भांडतो, रुसतो, तारीख चुकवतो, तिला चहा पाजतो. अर्जाच्या चौकटीत उतरताना हे सारं जातं, कारण चौकटीवर लिहिलेलं असतं, ‘परिणाम, दोनशे शब्दांत’.

यात केवळ शैलीचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. १९५८च्या कायद्यात कलम १२ आहे. कलम ३ खाली ताकीद देऊन किंवा कलम ४ खाली बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे एरवी जी अपात्रता चिकटते ती चिकटणार नाही, असं ते सांगतं. ते गुन्हा पुसत नाही, हे न्यायालयांनी स्पष्ट केलं आहे; पण निदान एका बाबतीत कायदा स्वतःहून मान फिरवतो आणि म्हणतो, याला पुढे जाऊ द्या. आणि आपण, अनुदान देणारे, त्या माणसाची गोष्ट लिहून मागतो. एका अर्जात नाव बदललेलं होतं, पण वय, जात, गावाचं नाव, एसटी स्थानकासमोरची दुचाकी दुरुस्तीची टपरी, सगळं होतं. त्या तालुक्यात अशी टपरी एकच असणार. तो अहवाल निधीच्या वार्षिक पुस्तिकेत छापावा असा प्रस्ताव होता. ‘इतकी प्रेरणादायी गोष्ट आहे,’ असं समितीतल्या एकानं म्हटलं, आणि ते खरंही होतं. त्या मुलाची संमती घेतली होती, असंही सांगण्यात आलं. ज्यांनी मशिन, वकील आणि जामीनदार मिळवून दिला त्यांना हा मुलगा नाही कसं म्हणणार होता, हे कुणी विचारलं नाही. मी आग्रह धरला तेव्हा टपरी गेली, गाव राहिलं.

गोष्टीऐवजी आकडा मागावा, असं यावर कुणी म्हणेल. तो प्रयोग इंग्लंड-वेल्समध्ये झाला आहे. २०१४ साली तिथले पस्तीस प्रोबेशन ट्रस्ट बरखास्त झाले. जास्त जोखमीचे लोक राष्ट्रीय सेवेकडे गेले आणि बाकीचे एकवीस कंपन्यांकडे. कंपन्यांच्या पैशाचा काही भाग निकालावर अवलंबून होता: माणसानं ठरलेल्या बारा महिन्यांत पुन्हा गुन्हा केला की नाही, आणि केला तर किती वेळा. पहिल्या मापाला तिथे द्विमान माप म्हणत. शून्य किंवा एक. लहान स्थानिक संस्था या कंपन्यांच्या हाताखाली काम करतील अशी आश्वासनं होती. बऱ्याच जणांच्या वाट्याला ते काम आलंच नाही. अधिकाऱ्यांकडची माणसं वाढली, भेटी फोनवर होऊ लागल्या. २०१९ साली मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी हे प्रारूप दुरुस्तीपलीकडचं सदोष ठरवलं आणि २०२१च्या जूनमध्ये सगळी सेवा पुन्हा सरकारकडे आली. ऑगस्टसच्या त्या पहिल्या दारुड्यानं बारा महिन्यांत एकदा प्यायली असती, तर द्विमान मापात ऑगस्टस नापास.

मापं नकोत असं माझं म्हणणं नाही. पैसे दुसऱ्याचे असतात आणि हिशेब द्यावाच लागतो. प्रश्न असा की हिशेब कशाचा. माझ्या वाचनातला सर्वांत चांगला अहवाल एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या चारपाच जणांच्या गटानं पाठवला होता. त्यात यशोगाथा नव्हती. तारीखवार खर्च होता: कोर्टात जायचं एसटी भाडं, बंधपत्राच्या झेरॉक्स, आधारकार्ड दुरुस्ती, मोबाइल रिचार्ज, चहा. भेटींच्या रकान्यात सात ठिकाणी ‘घराला कुलूप’ असं लिहिलं होतं. आठव्या ओळीत ‘भेट झाली, बोलला नाही’. पुढे दोन महिन्यांनी ‘स्वतः फोन केला’. गद्याचा नमुना म्हणून मी हा अहवाल कुठल्याही कथाशिबिरात वाचून दाखवीन. समितीत त्यावर शेरा पडला, ‘परिणाम दिसत नाही’. चहाच्या चोवीसशे रुपयांना हरकत घेण्यात आली. रक्कम पुढच्या वर्षी मंजूर झाली ती चहा वगळून.

अशा गटांना पैसे येणार तरी कुठून? कंपनी कायद्याच्या २०१३च्या तरतुदीनुसार मोठ्या कंपन्या नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करतात. त्यासाठीची विषयांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक, शिक्षण, वारसा, खेळ, माजी सैनिक सगळं आहे, गुन्ह्यात सापडलेला माणूस नावानिशी कुठेच नाही. तो ‘विषमता कमी करणे’मध्ये कोंबता येतो, पण कुठल्या कंपनीला फलकावर ते लिहायची हौस असते? त्यात पैसे घेणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवण्याची अट. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि मोठ्या संस्थेनं आपल्याकडचा निधी लहान संस्थेला पुढे देणं बंद झालं. जिल्ह्यातल्या चारपाच जणांच्या गटापर्यंत पैसा पोचायचा तो असा झिरपतच पोचे. ती वाट गेली. मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांतून १९९० पासून काम करणारा ‘प्रयास’सारखा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प आहे, पण त्याच्यामागे विद्यापीठ आहे. लातूर-गडचिरोलीच्या गटामागे काय आहे?

कायद्यात मात्र वाट ठेवलेली आहे, आणि तिची आठवण कुणी फारशी करत नाही. १९५८च्या अधिनियमाचं कलम १३ म्हणतं की परिवीक्षा अधिकारी शासनानं नेमलेलाच असायला हवा असं नाही. शासनमान्य संस्थेनं दिलेली व्यक्तीही चालेल. आणि कलम १७ मध्ये नियम करण्याचे जे विषय मोजले आहेत त्यांत अशा संस्थांना मान्यता देण्याच्या अटी आहेत, आणि अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थांना अर्थसाहाय्य देण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे रेनरच्या पाच शिलिंगांची सोय आपल्या संसदेनं १९५८ सालीच करून ठेवली होती. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे येतात आणि बालकांच्या कायद्याचं प्रचंड काम त्यांच्याच अंगावर असतं. अशा अधिकाऱ्याकडून न्यायालयाला अहवाल वेळेत मिळाला तरी पुष्कळ. तो घराला कुलूप पाहून सात वेळा परत जाणार नाही.

त्या चारपाच जणांच्या गटाला अधिकारी करावं असं मी म्हणत नाही. हजेरी घेण्याचा अधिकार हाती आला की ते बदलतील अशी मला भीती आहे. त्यांना पैसे द्यावेत, अधिकार देऊ नयेत. आणि अर्जाची चौकट बदलावी. गोष्ट मागू नये, नाव बदललेलंही मागू नये. किती वेळा गेलात, कोण गेलं, तेच माणूस दुसऱ्यांदा गेलं का, खर्च काय झाला, एवढं विचारावं. कुलूपबंद घराची भेट ही भेट म्हणून धरावी. चहाचा रकाना ठेवावा.

आणखी एक साधी गोष्ट. कलम ४ खालचं बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं, देखरेखीचा आदेश झाला तर तो एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा नसतो. आमच्या निधीचं अनुदान बारा महिन्यांचं असतं. त्याचा पहिला हप्ता सहीशिक्क्यांत अडकून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोचतो आणि दहाव्या महिन्यात अंतिम अहवाल मागितला जातो. मधल्या सहा महिन्यांत तो मुलगा ज्या माणसाचा फोन उचलायला लागतो, तो माणूस मार्चनंतर त्या कामावर असेलच असं नाही. अनुदानाची मुदत बंधपत्राच्या मुदतीइतकी करा, असा ठराव मी या वर्षीच्या बैठकीत मांडला आहे. तो लेखापरीक्षकांच्या अभिप्रायासाठी पाठवला आहे.